दहा प्रश्नचिन्हं म्हणजे कुणाचंही नाव नव्हे

सरकारी कचेऱ्या, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि सहकारी बँका यांच्या संगणक प्रणाल्या ज्यांच्या सहीने मागवल्या जातात आणि ताब्यात घेतल्या जातात, त्या सर्व अधिकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या समोरच्या ओळीत माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. १९९८ साली टाइपरायटरवर सुरुवात केली, तीन वर्षांनी संगणक घेतला, आणि तेव्हापासून रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात मराठी अक्षरांशीच माझी गाठ आहे. त्या अनुभवावरून हे पत्र लिहिते आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. कुठलीही नवी प्रणाली ताब्यात घेण्याआधी, ठेकेदाराचं शेवटचं बिल पास करण्याआधी, तिच्यात दहा-बारा मराठी नावं घाला आणि ती जशी घातली तशीच बाहेर येतात का, हे स्वतः समोर बसून पाहा.

एवढीशी गोष्ट मागायला खुलं पत्र कशाला, असं वाटेल. म्हणून गेल्या पावसाळ्यातला एक दिवस सांगते.

एका आजींनी ओल्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्या निराधार अनुदानाचा कागद. म्हणाल्या, "बाई, ह्यात माझं नाव कुठं हाय ते दाखव." आजी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, त्यांना वाचता येतं. 'लाभार्थ्याचे नाव' या शब्दांपुढे नाव नव्हतंच. प्रश्नचिन्हांची एक रांग, मग थोडी जागा, मग दुसरी रांग, मग तिसरी. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. बँकेने कागद परत केला होता, आणि त्यात बँकेची चूक होती असं मला म्हणता येत नाही.

अशा वेळी मी प्रश्नचिन्हं मोजते. बिघाड कुठला आहे ते त्यावरून ओळखता येतं. आजींचं खरं नाव इथे देत नाही, पण समजा नाव 'लक्ष्मीबाई' आहे. आपल्या डोळ्यांना ती चार अक्षरं. संगणकाच्या लेखी मात्र ती दहा चिन्हं आहेत: ल, क, पाय मोडल्याची खूण, ष, पुन्हा पाय मोडल्याची खूण, म, वेलांटी, ब, काना, ई. आता 'ज्ञानेश्वर' घ्या. ज, पाय मोडका, ञ, काना, न, मात्रा, श, पाय मोडका, व, र. तीही दहाच. म्हणजे लक्ष्मीबाईच्या जागी दहा प्रश्नचिन्हं आणि ज्ञानेश्वरच्या जागीही तीच दहा प्रश्नचिन्हं. दोन्ही कागद शेजारी ठेवले, तरी बाई कोण आणि बुवा कोण हे सांगता यायचं नाही.

हे घडतं कसं, तेही सांगते, कारण ज्यांनी ते थांबवायचं त्यांनाच बहुधा ते कुणी सांगितलेलं नसतं. माहिती साठवताना प्रत्येक रकान्याला कुठल्या अक्षरांचा संच चालेल हे ठरलेलं असतं. पश्चिम युरोपच्या अक्षरांपुरता बेतलेला संच असेल, तर त्यात फ्रेंचांच्या तिरप्या रेघेच्या ई ला जागा असते, जर्मनांच्या दोन टिंबांच्या ओ ला जागा असते. आपल्या म ला नसते. तिथे मराठी नाव ढकललं, की ज्या चिन्हाला जागा नाही त्याच्या ठिकाणी डेटाबेस, म्हणजे माहिती साठवणारा प्रोग्रॅम, प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. मूळ अक्षर तो कुठेही बाजूला जपून ठेवत नाही. मायएसक्यूएल हा डेटाबेस जगभर सर्रास वापरला जातो. २०१८ साली त्याची आवृत्ती ८ आली, तोवर टेबल बनवताना काही सांगितलं नाही तर असाच पश्चिम युरोपी संच मिळायचा. सांगितलं, तर मराठी बिनतक्रार बसायचं. एका ओळीचं काम होतं ते.

आजींचं नाव शेवटी सापडलं ते कागदावर. कचेरीतल्या एका कारकुनाने (भला माणूस, त्याने मनापासून धडपड केली) कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. निळ्या शाईत, तिरक्या वळणाच्या अक्षरात नाव होतं, एक वेलांटी इकडची तिकडे झालेली नव्हती. त्यावरून ते पुन्हा टाइप झालं. आजींच्या चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एसटीचा जाण्यायेण्याचा वेळ आणि बुडालेला दिवस. आता तुम्हीच विचार करा. हल्ली अर्ज थेट संगणकातच भरला जातो, शाईचं रजिस्टर मागे उरत नाही. ज्या नावाची प्रश्नचिन्हं झाली, ते नाव पाच वर्षांनी कुठल्या कपाटात शोधायचं?

आमच्याकडे अक्षरांचं काहीही बिघडलं तरी 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणतात. ऑपरेटर म्हणतो, साहेब म्हणतात, मीही सुरुवातीला म्हणायचे. त्या एका शब्दाने फार नुकसान केलं आहे, कारण त्याखाली निरनिराळे रोग झाकले जातात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर खरोखरच फॉन्ट नाही. अक्षरं आत सुखरूप आहेत, फॉन्ट घातला की दिसतील. डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यामागे चलनाचं गोल चिन्ह, पुन्हा ए, पुन्हा चिन्ह, मधूनच जपानी येनची खूण, अशी माळ दिसली तरीही घाबरायचं कारण नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिचा मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं (बाइट हे साठवणीचं माप), आणि त्यातले पहिले दोन बाइट जवळजवळ नेहमी सारखेच असतात. वाचणाऱ्या यंत्राने ते युरोपी तक्त्याने वाचले की तीच तीच दोन चिन्हं फिरून फिरून दिसतात. मजकूर शाबूत आहे, फक्त योग्य तक्त्याने वाचायचा आहे. प्रणालीतून काढलेली यादी एक्सेलमध्ये थेट दोन क्लिक करून उघडली की हा प्रकार हमखास होतो. धोका पुढे असतो. कुणीतरी ती माळ तशीच सेव्ह करतं, तीच फाइल परत प्रणालीत चढवतं, आणि साधा गुंता दुहेरी होऊन बसतो.

प्रश्नचिन्हांचं तसं नाही. ते अक्षर गेलं. तिथे फॉन्ट घालून काहीही होत नाही. म्हणून आपल्या ऑपरेटरने 'फॉन्टचा प्रॉब्लेम आहे साहेब' म्हटलं, तर आधी पडद्याकडे एकदा पाहा आणि चौकोन आहेत, माळ आहे की प्रश्नचिन्हं, एवढं विचारा.

यात नवीन काही नाही. ज्यांनी माझ्यासारखी नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली, त्यांना सुरेख, योगेश, शिवाजी, कृतीदेव ही फॉन्टांची नावं घरच्या माणसांसारखी आठवतात. त्या काळी एका फॉन्टात २५६ खण असायचे. निम्मे इंग्रजीने व्यापलेले, आणि उरलेल्या खणांत युरोपची मात्रांची अक्षरं. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी आपल्या अक्षरांचे तुकडे त्याच खणांत बसवले. दुसरी जागाच नव्हती, आणि त्यांनी ते काम मोठ्या कौशल्याने केलं, हे मी आजही म्हणेन. सुरेख आणि योगेशच्या घराण्यात २०१ क्रमांकाच्या खणात आपल्या कान्याची उभी रेघ होती. युरोपात त्याच खणात डोक्यावर तिरपी रेघ असलेला मोठा ई आहे. म चा डावीकडचा भाग जिथे होता, तिथे युरोपची नुसती दोन टिंबं. म्हणून 'मामा' टाइप केलेली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की दिसायचं ते असं: दोन टिंबं, ई, ई, पुन्हा दोन टिंबं, ई, ई. एकदा एका वकिलांनी हे पाहून मला विचारलं होतं की तुम्ही फ्रेंचमध्ये टाइप केलं का. संगणकाच्या दृष्टीने मी खरोखरच तसंच काहीतरी केलं होतं. मराठी फक्त माझ्या पडद्यावर होती. फाइलमध्ये ती कधी नव्हतीच.

युनिकोडने तो काळ संपवला. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हाच देवनागरीला १२८ खणांचा स्वतःचा गट मिळाला, आपल्या देशात त्याआधी ठरलेल्या इस्की या संकेतप्रणालीच्या धर्तीवर. २००९ साली केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवलं. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून देणारा शासन निर्णय काढला. तेव्हा नियम नाही, तंत्र नाही, फॉन्ट नाही, अशी कुठलीही सबब आता उरलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे युनिकोड फॉन्ट मोफत दिले आहेत. कमी आहे ती तपासून घेण्याची.

काय तपासायचं, ते आता जरा नीट सांगते. मराठीची कसोटी लागते ती 'शेतकऱ्यांना' या शब्दाशी. यातला अर्धा र आणि 'सूर्य' मधला रफार हे कानाला वेगळे, डोळ्याला वेगळे, आणि अर्थाला तर फारच वेगळे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात असतात. आचार्यांना दिलेला मान आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी यांची एकाच नोंदवहीत गल्लत होऊन चालत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड ही गावा-मुलखांची नावं, कितीतरी आडनावं, सगळी या अर्ध्या र वर उभी आहेत. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही. त्यामुळे 'देवनागरी चालते' असं सांगून जे विकलं जातं, त्यात हिंदी व्यवस्थित दिसते आणि आमच्या शेतकऱ्यांचे 'शेतकर्यांना' होतात.

संगणकात हा अर्धा र दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडायचा आणि पुढचं अक्षर. दुसरी वाट म्हणजे साधा र, पाय मोडका, आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याची रुंदी शून्य आहे. दिसायला दोन्ही सारखे. काही कीबोर्ड एका वाटेने जातात, काही दुसऱ्या. आता बऱ्याच प्रणाल्या आलेल्या मजकुरातून 'अनावश्यक' चिन्हं गाळून टाकतात, आणि त्या गाळणीत हे अदृश्य चिन्ह वाहून जातं. मागे उरतो साधा र आणि पाय मोडका, त्याचा झाला रफार. टाइप करणाऱ्याने बरोबर केलं, पडद्यावर बरोबर दिसलं, आणि छापून आलं चूक. शिव्या मात्र टाइप करणाऱ्याला.

आणि गाळलं नाही तरी शोध फसतो. यादीत नाव पहिल्या वाटेने चढलेलं असतं, मी दुसऱ्या वाटेने टाइप करून शोधते, आणि प्रणाली सांगते की असा माणूस नाही. माणूस माझ्यासमोर खुर्चीवर बसलेला असतो. मग ऑपरेटर त्याची नवी नोंद करतो, आणि सहा महिन्यांनी त्याच माणसावर दुबार नोंदीचा ठपका येतो.

ॲ ची कथा अशीच. तहसीलच्या आवारात वकिलांच्या पाट्या पाहा, प्रत्येक पाटीवर 'ॲड.' आहे. या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचा खण मिळाला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आम्ही काय करायचो? कुणी अ काढून त्यावर अर्धचंद्र द्यायचं, कुणी दोहोंच्या मध्ये ते अदृश्य चिन्ह घालायचं, कुणी हिंदीतला ऍ वापरायचं. आज या चारही तऱ्हा जुन्या नोंदींमध्ये एकत्र नांदत आहेत. माणसाला एक अक्षर दिसतं, यंत्राला चार. साठवण्याआधी अशा सगळ्या तऱ्हा एकाच रूपात आणून घ्यायच्या असतात, आणि प्रोग्रॅमरला हे काम अवघड नाही. पण ते निविदेत लिहिलेलं नसेल तर तो का करील?

ल आणि श च्या वळणाबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, हे शासनाने २०२२ साली पुन्हा सांगितलं. एवढंच जोडते की दोन्ही वळणांचा संकेतांक, म्हणजे युनिकोडमधला क्रमांक, एकच आहे. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण प्रणालीत केली आणि फॉन्ट चांगला असला, तर मराठी वळण आपोआप येतं. तसंच ळ चं. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो, क्ष आणि ज्ञ त्याच्याही नंतर. यादी नुसती संकेतांकांच्या क्रमाने लावली तर ळ जाऊन बसतो ल आणि व यांच्यामध्ये. मराठीचा क्रम संगणकाला शिकवून ठेवलेला आहे, तो फक्त निवडायचा असतो.

छापील दाखल्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं. पडद्यावर सगळं उत्तम दिसतं आणि पीडीएफ निघाली की जोडाक्षरं फुटतात. 'प्रमाणपत्र' चं 'प्‌रमाणपत्‌र' होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची, ती उजवीकडे जाऊन लोंबकळते. पडद्यावरच्या ब्राउझरला अक्षरं जुळवता येतात, पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला ती येत नाहीत, एवढंच कारण. अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम वापरायचा, बस्स. शिक्षणाच्या दाखल्यावर 'विद्यार्थी' हा शब्द फुटलेला असतो आणि खाली मोठ्या अधिकाऱ्याची डिजिटल सही असते. मुलं तो दाखला लॅमिनेट करून घेतात. माझ्याच मशीनवर करते मी ते, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

आता रकान्यांची लांबी. एका प्रणालीत नावाला २५ बाइटचा रकाना होता. ठेकेदाराने इंग्रजीचा हिशोब केला असणार. 'ज्ञानेश्वर' हे नाव रोमन अक्षरांत लिहिलं तर ११ अक्षरं, ११ बाइट, भरपूर जागा. देवनागरीत दहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे ३०. पंचविसाव्या बाइटवर कात्री चालते. आठ चिन्हं पूर्ण बसतात, नवव्याचा एक तृतीयांश तुकडा आत येतो, आणि छापून येतं 'ज्ञानेश्' आणि त्यापुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. व आणि र बाहेर. ज्या राज्यात घरटी नाही तरी आळीटी एक ज्ञानेश्वर सापडतो, तिथे रकान्याची लांबी त्या नावावर मोजून का घेऊ नये?

एवढ्या कटकटी आल्या की वरून सोपा सल्ला मिळतो: नाव इंग्रजीत टाका, मराठी आपोआप होईल. होत नाही. इंग्रजीत काळे आणि काले एकच, गोळे आणि गोले एकच, साठे आणि साथे एकच. संगणक त्यातलं कुठलं तरी एक उचलतो. घरात बापाचं आडनाव काळे, मुलाचं काले, आणि वारसाच्या नोंदीला दोघांचं नातं सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र. त्या प्रतिज्ञापत्राचे पैसे मला मिळतात, हे मी लपवत नाही. ते पैसे मला नको आहेत. ज्याचं नाव त्याच्या भाषेत सरळ लिहिता येतं, त्याने ते दुसऱ्या लिपीत मोडून मग परत जोडून का घ्यायचं? मोबाइलवरच्या संदेशांचंही हेच. साध्या संदेशात १६० अक्षरं मावतात, आणि त्या संचात फ्रेंच-इटालियन मात्रांची अक्षरं पहिल्यापासून आहेत. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, म्हणून खर्च वाचवायला रोमन लिपीतलं मराठी पाठवलं जातं. सत्तर चिन्हांत मावेल असा नेटका मराठी मजकूर लिहिता येतो. 'अर्ज मंजूर. पैसे खात्यात जमा.' यात सगळं आलं.

युरोपातल्या लोकांना तरी सगळं आयतं मिळालं असेल, असं मला वाटायचं. तसं नाही. बेल्जियममध्ये एका माणसाच्या नावातल्या अक्षरावर मात्रा होती आणि त्याच्या बँकेचा संगणक ती छापत नव्हता. त्याने तक्रार केली. बँक म्हणाली, आमची प्रणाली जुनी, तिच्या संचात ती मात्रा नाही, बदलायचं तर खर्च आणि वेळ दोन्ही लागेल. प्रकरण ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयात गेलं, आणि २०१९ साली न्यायालयाने निकाल दिला की आपलं नाव बरोबर लिहून घेणं हा त्या माणसाचा हक्क आहे, संगणक जुना असण्याने तो हक्क कमी होत नाही. एका मात्रेसाठी. इथे अख्खी नावं प्रश्नचिन्हं होऊन पडली आहेत. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम तर १९६४ पासून आहे. पण तालुक्याच्या गावातली बाई नावातल्या वेलांटीसाठी उच्च न्यायालयात जाणार नाही. ती माझ्या दुकानात येते, आणि माझ्या हातात फक्त कीबोर्ड आहे. बाकी सगळं आपल्या हातात आहे.

म्हणून विनंती अशी की निविदेच्या अटींत ही चाचणी घाला आणि तिच्याशिवाय अखेरचं बिल देऊ नका. माझ्या दुकानाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. नवी प्रणाली सुरू झाली की त्यावरचे शब्द मी आधी टाइप करून पाहते: शेतकऱ्यांना, वऱ्हाड, कुऱ्हाड, ॲड., ऑगस्ट, बाळकृष्ण, ज्ञानेश्वर, लक्ष्मीबाई, विठ्ठल, श्रद्धा, त्र्यंबक, उज्ज्वला. हे शब्द अर्जात भरायचे, जतन करायचे, बंद करून पुन्हा उघडायचे. मग शोधायचे, अर्धा र दोन्ही वाटांनी टाइप करून. मग दाखला छापायचा, मोबाइलवर संदेश पाठवायचा, यादी एक्सेलमध्ये काढायची आणि तीच यादी परत आत घ्यायची. इतकं करून बाराच्या बारा शब्द सुरुवातीला होते तसेच हातात आले, तर सही करा. एकही फुटला, तर परत पाठवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

जुन्या नोंदींचंही एक सांगून ठेवते. प्रश्नचिन्हं झालेली नावं यंत्राने परत येणार नाहीत. पण शाईची रजिस्टरं अजून बऱ्याच कपाटांत आहेत. ती 'आता सगळं ऑनलाइन झालं' म्हणून रद्दीत जाण्याआधी, ज्या नोंदीत प्रश्नचिन्ह आहे तेवढ्या तरी त्यांच्यावरून उतरवून घ्या. कुठल्या नोंदी, हे शोधायला संगणकाला दोन मिनिटं लागतील, नावाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह कुठे आहे एवढंच विचारायचं आहे.

आपल्यापैकी कुणी ही चाचणी घेणार असाल आणि मदतीला माणूस हवा असेल, तर मी येईन. एक दिवस दुकान बंद ठेवते. टाइप मी करीन, प्रिंट आपण काढा, आणि वाचायला त्या आजींना सोबत आणते. त्यांना चष्मा लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तहसील कचेरीसमोरची एक टायपिस्ट